दोन शून्यांची गोष्ट

स्टार प्लसच्या बैठकांत नाव जवळपास पक्कं झालं होतं : ‘कौन बनेगा लखपती’. २००० साली टीव्हीवरच्या बक्षिसासाठी लाख रुपये ही भरभक्कम रक्कम वाटायची. स्टारचे तेव्हाचे मालक रूपर्ट मर्डोक यांना मात्र लाख म्हणजे किती हेच ठाऊक नव्हतं. डॉलरमध्ये हिशेब करून सांगितल्यावर तो आकडा त्यांना अगदीच किरकोळ वाटला आणि बक्षीस एकदम कोटीवर गेलं, नाव झालं ‘कौन बनेगा करोडपती’, अर्थात ‘केबीसी’. स्टारचे तेव्हाचे अधिकारी समीर नायर यांनी हा किस्सा पुढे मुलाखतींतून सांगितला आहे.

गंमत म्हणजे, दोन शून्यं वाढवूनही आपण मूळ ब्रिटिश कार्यक्रमाच्या मागेच होतो. तिथलं दहा लाख पौंडांचं बक्षीस तेव्हाच्या दराने सात कोटींच्या घरात जायचं. वर तिकडे बक्षिसावर करही नाही. आपल्याकडे पैसे खात्यात पडण्याआधीच सरकारचा वाटा कापला जातो.

तो मूळ कार्यक्रम, ‘हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर?’, ४ सप्टेंबर १९९८ रोजी आयटीव्हीवर सुरू झाला. त्याचं कच्चं नाव होतं ‘कॅश माउंटन’. पीट वॉटरमन यांनी केलेलं पहिलं संगीत निर्माते पॉल स्मिथ यांच्या पसंतीस उतरलं नाही. मग ऐन वेळी कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या पितापुत्रांना पाचारण केलं गेलं. ‘केबीसी’ म्हटल्यावर आपल्या कानात जी धून वाजते, ती त्यांचीच. या दोघांनी एक करामत केली, ती प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही : प्रश्नागणिक पार्श्वसंगीताची पट्टी अर्ध्या सुराने चढते. पेटीवाल्यांच्या भाषेत, एका प्रश्नाला काळी एक असेल तर पुढच्याला पांढरी दोन. आपल्याला वाटतं, प्रश्नाने घाम फोडला!

सेटही असाच बेरकी. अँडी वॉम्सली यांनी तो स्पर्धकाला अवघडल्यासारखं व्हावं याच हिशेबाने रचला. उंच खुर्च्या, पायाखाली पारदर्शक जमीन, भोवती अंधार. फॉरमॅट विकत घेतला की नियमांचं जाडजूड बाड सोबत येतं, धंद्यात त्याला ‘बायबल’च म्हणतात. त्यामुळे देश बदलला तरी खुर्च्या, दिवे आणि संगीत यांत फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो सूत्रसंचालकामुळे. लंडनचे क्रिस टॅरंट म्हणजे मुलखाचे खट्याळ. चेक स्पर्धकाच्या हातात द्यायचे आणि ‘पण हा तुम्हाला द्यायची आमची इच्छा नाही’ म्हणत परत काढून घ्यायचे. उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी जाहिराती. अमिताभ बच्चन यांना ‘केबीसी’चा करार होण्यापूर्वी लंडनला नेऊन हे सगळं चित्रीकरण दाखवलं होतं. इथेही काम इतकंच काटेकोर होणार असेल तर करू, अशी त्यांची भूमिका होती. काटेकोरपणा त्यांनी तिथून उचलला, छळ मात्र तिकडेच ठेवला. घाबरलेल्या माणसाला पाणी देणारा, ‘कंप्यूटरजी’शी अदबीने बोलणारा यजमान मूळ फॉरमॅटमध्ये नव्हता.

अमेरिकी आवृत्तीत वेगळाच तोरा. १९ नोव्हेंबर १९९९ ला जॉन कारपेंटर शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोचले आणि तिथे त्यांनी वडिलांना फोन लावला. मदतीसाठी नव्हे; आपण दहा लाख डॉलर जिंकणार आहोत एवढंच कळवायला! हा गडी नोकरीला होता आयकर खात्यात. पुढे अमेरिकेत फोनच्या पलीकडचे मित्र गुगलवर उत्तरं शोधू लागले, तेव्हा २०१० मध्ये मित्राला फोन करण्याची ही लाइफलाइनच बंद झाली.

ब्रिटनमध्ये त्याहून मोठा घोळ आधीच होऊन गेला होता. २००१ मध्ये मेजर चार्ल्स इन्ग्रम दहा लाख पौंड ‘जिंकले’, पण बरोबर पर्यायाच्या वेळी कुणीतरी खोकत होतं. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत नसल्यामुळे चेक थांबवता आला आणि ध्वनिफिती न्यायालयात वाजल्या. २००३ मध्ये शिक्षाही झाली, तुरुंगवास मात्र स्थगित.

आपला पहिला करोडपती २००० मधला हर्षवर्धन नवाथे, मुंबईचा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा. तेव्हाचा ‘केबीसी’ अभ्यासू माणसाचा खेळ होता. २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे कोटी जिंकल्या. प्रेक्षकांना त्यांचे प्रश्न आठवत नाहीत, मोबाइल घ्यायचा आहे हे त्यांचं बोलणं आठवतं. मराठी आवृत्तीत २०१३ ला ईटीव्हीवर सचिन खेडेकरांनी आणि २०१९ ला सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांनी हीच माणसांशी बोलण्याची वाट धरली. मंजुळे तर प्रश्न विसरून गप्पांत रमल्यासारखे वाटायचे, आणि ते चांगलंही वाटायचं.

निव्वळ प्रश्नांचा थरार हवा असेल तर टॅरंटचे जुने भागच बघावेत, त्यांची सर आपल्याला आलेली नाही. आपल्या निर्मात्यांना विनंती एकच : स्पर्धकाच्या हालअपेष्टा दाखवणारी ती चित्रफीत निम्म्यावर आणा आणि वाचलेल्या वेळात दोन प्रश्न जास्त विचारा.