चैत्राची चित्रफेरी

चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा खाली उतरते, न्हाते आणि चैत्रगौर होऊन छोट्याशा झोपाळ्यात जाऊन बसते. तिथून अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचं माहेरपण. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, म्हणजे पाडव्याची गुढी उतरल्यावर पुरता महिनाभर ती झोपाळ्यावर होती. या महिन्यात सकाळी अंगणात सडा पडला की रांगोळीचं चैत्रांगण काढायचं, रोज पुसून रोज नव्याने. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की बायकांनी घरोघर हळदीकुंकवाला जायचं. जाताना दारातलं चैत्रांगण पाहायचं, आत गौरीची आरास पाहायची, पन्हं प्यायचं, ओटीत भिजवलेले हरभरे घ्यायचे आणि पुढच्या घराकडे निघायचं.

अमेरिकेतल्या अनेक लहान गावांत महिन्यातली एक संध्याकाळ, बहुधा पहिला शुक्रवार, चित्रं पाहत पायी फिरण्यासाठी राखलेली असते. दुकानं आणि दालनं उशिरापर्यंत उघडी ठेवतात, तिकीट नसतं, चित्रकार स्वतः दारात उभे असतात. मुंबईतही कुलाबा-फोर्ट भागातल्या कलादालनांनी महिन्यातल्या एका गुरुवारी रात्रीपर्यंत दारं उघडी ठेवण्याची प्रथा पाडली होती. ती कल्पना मला आवडतेच. पण आपल्या पंचांगात अशी फेरी पिढ्यानपिढ्या बसलेली आहे, आणि ती एका संध्याकाळीत संपत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. गावातलं प्रत्येक घर महिनाभर दालन होतं. चित्र काढणारीचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं, तरी कोणाचा हात कसा आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असतं.

हे सगळं नावडेसारख्या ठिकाणी मनात येतं. दिवा-पनवेल मार्गावरच्या नावडे रोड स्टेशनात उतरलं की एका हाताला जुनं गाव, दुसरीकडे सिडकोची नवी वसाहत आणि त्यापलीकडे तळोजा एमआयडीसीची धुराडी. मुंब्रा-पनवेल महामार्गावर अवजड गाड्यांची रांग तुटत नाही. वसंत इथे कुठून येणार, असं वाटावं. पण मार्च संपताना रस्त्याकडेच्या पिंपळाकडे वर पाहिलं तर पानं तांब्यासारखी लाल असतात, आंब्याची कोवळी पालवीही तशीच तांबूस, आणि करंज हिरवागार झालेला असतो. त्या पालवीचा लालपणा अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. पानाची कातडी अजून मऊ असते, हिरवं द्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं, आणि तेवढे दिवस हा लाल थर कडक उन्हापासून त्याचा बचाव करतो.

खरं कोडं तर याच्याही मागे आहे. चैत्रात पाऊस नाही, जमीन तडकलेली, ऊन वाढत चाललेलं, आणि नेमक्या त्याच वेळी झाडं नवी पानं का काढतात? वनस्पतिशास्त्रज्ञांना याने बराच काळ चकवलं. आता त्यांना सापडलेलं उत्तर असं आहे की मोसमी जंगलातली बरीच झाडं पावसाची वाटच बघत नाहीत, ती दिवसाची लांबी ओळखतात. नावडे ज्या अक्षांशावर आहे तिथे पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दिवस जेमतेम अर्ध्या तासाने मोठा होतो. एवढा बारीक फरक झाडाला कळतो! जुनी पानं आधीच गळालेली असल्यामुळे खोडात पाणी साचून असतं, खोल गेलेल्या मुळांना आणखी थोडं मिळतं, आणि त्यावर पालवी फुटते. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा झाडाचं पान तयार असतं, चार महिन्यांच्या पावसातला एकही दिवस त्याला वाया घालवावा लागत नाही.

आणि याच दिवसांत माणसंही जमिनीवर चित्र काढायला बसतात.

चैत्रांगणात काय असतं? वरच्या बाजूला आंब्याच्या पानांचं तोरण. त्याखाली मखर, मखरात गौर आणि तिची सखी. मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, कासव, नागाची जोडी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, कलश, फणी-करंडा. रामनवमी याच महिन्यात येते म्हणून रामाचा पाळणा, पाडवा नुकताच झालेला म्हणून गुढी. चिन्हांची संख्या घराघरात वेगळी, पण बऱ्याच ठिकाणी ती पन्नाशीपर्यंत जाते. म्हणजे एका पाटाएवढ्या जागेत आकाश, समुद्र, शेत, देवघर आणि स्वयंपाकघर शेजारी शेजारी बसलेले. कोणतंही चिन्ह दुसऱ्याहून फार मोठं नाही. सूर्य जेवढा, तेवढीच फणी. ही मांडणी मला फार धीट वाटते. बाईच्या रोजच्या वापरातली वस्तू विष्णूच्या आयुधांच्या रांगेत कोणाचीही परवानगी न घेता जाऊन बसली आहे.

या चित्राची मूळ प्रत कुठेच नसते. आजीच्या हातून आईच्या हाती, आईच्या हातून मुलीच्या हाती, आणि लग्नानंतर सासरच्या पद्धतीत थोडं मिसळून ते पुढे जातं. एकच चित्र ओळीने तीस दिवस काढलं की ते डोक्यातून बोटांत उतरतं. मग पुढच्या वर्षी कागद पाहावा लागत नाही.

आता बोटांकडे जवळून बघू. काढणारी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत रांगोळी धरते, हात जमिनीपासून दोन-तीन बोटं वर ठेवते आणि अंगठा तर्जनीवर पुढे घासते. त्या फटीतून भुकटी सुटते. पाण्याच्या टाकीला खाली भोक पाडलं तर टाकी भरलेली असताना धार जोरात येते आणि पाणी उतरलं की मंदावते. कोरड्या कणांचं तसं होत नाही. कण एकमेकांना आणि भिंतींना टेकून वरचा भार वाटून घेतात, त्यामुळे वरचा साठा कमी झाला तरी भोकातून पडणारी धार जवळजवळ तशीच राहते. वाळूचं घड्याळ याच गुणावर चालतं. चिमटीतली भुकटीही बरीचशी त्याच स्वभावाची, म्हणून चिमूट संपत आली तरी रेघ पातळ होत नाही, संपते तेव्हा एकदम संपते. रेघेची जाडी मग दोनच गोष्टींवर ठरते, फट किती उघडली आणि हात किती वेगाने सरकला. कासवाच्या पाठीवरच्या जाळीसाठी हात भरभर जातो, शंखाच्या पोटाशी थबकतो. भुकटी फार बारीक असेल तर गोळे होतात आणि धार तुटते, म्हणून चांगल्या रांगोळीला थोडी कणी लागते. दमट हवेत तीच रांगोळी बोटांना चिकटते. चैत्रातली कोरडी सकाळ तिला मानवते.

बाजारात मिळणारी पांढरी रांगोळी शिरगोळ्यासारख्या ठिसूळ दगडाची असते. पण कोकणात पूर्वी ती दगडाची नसे, भाताच्या तुसाची असे. तूस जाळलं की आधी काळी राख होते, कारण कोळसा उरलेला असतो. आणखी जळू दिलं की तो कोळसाही उडून जातो आणि मागे पांढरीशुभ्र राख राहते. तुसाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ही राख निघते आणि ती बहुतांशी सिलिका असते, वाळूत असते तीच. भाताचं रोप ती मातीतल्या पाण्यातून शोषून आपल्या तुसात साठवतं. रायगड जिल्हा म्हणजे भाताचं कोठार, आणि सिडकोच्या इमारती येण्याआधी नावडेच्या आसपासही भातखाचरंच होती. खरिपात कापलेल्या भाताचं तूस, आणि त्याच्या राखेचं चित्र चैत्रात दारापुढे. गेल्या पावसाळ्याचा उरलेला अंश पुढच्या पालवीचं स्वागत करायला वापरलेला असे.

खालची जमीनही तितकीच महत्त्वाची. शेणाने सारवलेलं अंगण गडद हिरवट-तपकिरी, त्यावर पांढरी रेघ लांबूनही दिसते. नव्या इमारतीत दारापुढे फिकट टाइल, तिच्यावर पांढरी रांगोळी हरवून जाते. म्हणून आधी गेरूचा चौकोन देतात. गेरू म्हणजे लोहाच्या गंजाने लाल झालेली माती. पालघर-ठाण्याच्या डोंगरात वारली घरांतल्या सवाशिणी लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात तोही लाल मातीवरच, तांदळाच्या पिठाने, आणि मधोमध पालघाट देवी असते. चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टशेजारी गेरूवर काढलेली रांगोळी आणि वारली पाड्यातला चौक यांच्यात मला सख्खं नातं दिसतं.

ही कला किती जुनी? वात्स्यायनाने चौसष्ट कलांची यादी दिली आहे, तिच्यात तांदूळ आणि फुलांनी आकृती मांडण्याची कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या मानसोल्लासात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राला स्वतंत्र जागा आहे. आणि १९७०च्या दशकात मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळ कोलमचा अभ्यास करून संगणकशास्त्रात आकृत्यांची व्याकरणं मांडली. तमिळ कोलमच्या एका प्रकारात रेघ ठिपक्यांना वळसे घालत फिरते, आपल्याकडे ठिपके जोडत जातात. ठिपके मोजायची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच पक्की.

पण फेरीचा खरा आनंद संध्याकाळचा. या दिवसांत सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास मावळतो आणि नावडेत खाडीकडून वारा सुटतो. आत गेलं की पायऱ्यांची आरास, पायऱ्यांवर घरातल्या ठेवणीतल्या साड्या अंथरलेल्या, वर गौर झोपाळ्यात. पुढे कमळासारखं कोरलेलं कलिंगड, करंज्या, लाडू, मोगऱ्याच्या माळा, घरातल्या मुलांची खेळणी. हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी. मग पन्हं आणि आंब्याची डाळ. त्या डाळीकडे नीट पाहिलं तर सगळा ऋतू वाटीत दिसतो. हरभरा रब्बीचा, नुकताच शेतातून आलेला. तो भिजवून भरड वाटायचा, शिजवायचा नाही. कैरी याच आठवड्यांत आंबट आणि टणक असते, ती किसून घालायची. वरून मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी. चुलीपुढे फार वेळ उभं राहायला नको म्हणूनही हा पदार्थ उन्हाळ्याचा.

या सुंदर फेरीला एक कुंपण होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हळदीकुंकू सवाशिणींचं. जिने रात्र जागून कलिंगड कोरलं, आरास रचली, ती घरातली विधवा आत्या पाहुण्या यायच्या वेळी आतल्या खोलीत जायची. चैत्रांगणही सगळ्या समाजांचं नव्हतं, ब्राह्मण आणि आणखी काही घरांपुरतंच ते मुख्यतः राहिलं. नावडेच्या आगरी घरांत चैत्राची ओढ कार्ल्याच्या एकविरेकडे असते, पालख्या निघतात, माणसं डोंगर चढतात. लग्नघरात धवलारीण गाते. या कलाही तितक्याच वसंताच्या. आता बऱ्याच घरांनी हळदीकुंकवात सगळ्या बायकांना बोलवायला सुरुवात केली आहे, आणि हे मला चैत्रांगणातल्या कुठल्याही चिन्हाहून मोलाचं वाटतं.

घरातून ही चित्रं रस्त्यावरही आली. १९९९मध्ये डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने पाडव्याची नववर्ष स्वागत यात्रा निघाली, आणि तिच्या मागोमाग गावोगावी शोभायात्रा सुरू झाल्या. त्याच वर्षी मुंबईत काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. एकाने पारंपरिक वेशातली माणसं रस्त्यावर आणली, दुसऱ्याने दालनातली चित्रं. यात्रेच्या आदल्या रात्री चौकाचौकांत पाचही बोटांनी रांगोळीच्या मोठाल्या गाठी आणि लाटा काढणारे गट बसतात. ही मोकळ्या हाताची पद्धत संस्कार भारतीच्या नावाने सर्वत्र ओळखली जाते. सकाळी तिच्यावरून ढोल-ताशांची पथकं चालत जातात.

नावडेत अशी चैत्रफेरी करायला फार काही लागणार नाही. एका इमारतीत सोळा दारं असली तर सोळा चित्रं. जिन्याने वरून खाली उतरत पाहायची, मग शेजारच्या इमारतीत, मग जुन्या गावात, जिथे एखाद्या अंगणाला अजून सारवण असेल. पुरुषांनी आणि मुलांनीही चिमूट धरायला हरकत नाही. छापे आणि चाळण्या वापरून काढली तरी चालेल, पण एक तरी कासव हाताने काढावं, कारण जाळीची पहिली आडवी रेघ ओढताना अंगठ्याखाली कण कसे सरकतात ते वाचून कळत नाही.

अक्षय्य तृतीयेला गौरीचं माहेरपण संपतं. तिला नैवेद्य होतो, पाण्याने भरलेला मातीचा घडा पितरांच्या नावाने दान देतात, आणि पुष्कळ घरांत पितरांना आंबा दाखवल्यावरच वर्षातला पहिला पिकलेला आंबा खातात. झोपाळा फडताळात जातो, अन्नपूर्णा देव्हाऱ्यात. डाळीत घालायला आता आंबट कैरी शोधावी लागते, कारण झाडावरची बरीचशी एव्हाना पिकायला लागलेली असते.