कमी धुराची चूल : निवड आणि पारख

गेल्या कार्तिकांत आमच्या मातुश्रींस दम लागूं लागला म्हणून आम्हीं त्यांस तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत नेलें. छातीचें चित्र पाहून डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, "आजी विडी ओढतात काय ?" मातुश्रींनीं उभ्या जन्मांत विडीस हात लावलेला नाहीं, मात्र लहान वयांत लग्न होऊन आल्या तेव्हांपासून त्या चुलीपुढें बसल्या आहेत. डॉक्टरांनीं तेवढें ऐकून घेतलें आणि "मग तेंच तें" एवढेंच म्हणाले. आम्हीं तीस वर्षे महसुली कारकुनी केली, लोकांच्या पिकांचे व पडझडीचे पंचनामे लिहिले. परंतु स्वतःच्या स्वयंपाकघराचा पंचनामा करावा असें कधीं सुचलें नाहीं. तो या सहा महिन्यांत केला. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

"आतां गॅस असतां चुलीची चर्चा कशास ?" असें कोणी विचारील. गॅस आमच्याहि घरीं आहे, आणि १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून तो अगदीं लहान खातेदाराच्या घरींहि पोंचला आहे. परंतु बहुतेक घरांत वांटणी अशी पडली आहे कीं, चहा व भाजी गॅसवर. भाकरी, आंघोळीचें पाणी व गुरांचें आंबोण चुलीवर. सरपण बांधावरचें, त्याचा पैसा पडत नाहीं. जोंवर बांधावर बाभूळ व रानांत पऱ्हाटी आहे तोंवर चूल जाणार नाहीं. तेव्हां ती कोणती असावी, हा प्रश्न उरतोच.

प्रथम धूर म्हणजे काय तें पाहूं. धूर म्हणजे न जळलेलें लांकूड होय. वाळलेलें लांकूड तापलें कीं त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वायुरूपानें बाहेर पडतो व बाकीचा कोळसा होऊन राहतो. त्या वायूंस पुरेशी उष्णता, पुरेशी हवा व जळण्यापुरता अवकाश मिळाला तर ते ज्योत होऊन जळतात. यांपैकीं एक जरी कमी पडलें तरी तेच वायु धूर व काजळी होऊन वर जातात. तीन दगडांच्या चुलींत ज्योत जन्मतांच थंडगार भांड्याच्या बुडावर आपटते व विझते. शिवाय वारा ती इकडेतिकडे नेतो. अशा चुलींत जळणाच्या उष्णतेपैकीं शेंकडा दहा ते पंधराच भांड्यास लागते. यावरून हेंहि ध्यानीं येईल कीं, धूर घालविण्याचे मार्ग दोनच आहेत : एक, तो चुलींतच जाळून टाकणें, दुसरा, तो धुराड्यानें बाहेर नेणें. दुकानदार बहुधा यांपैकीं एकाचेंच वर्णन करतो व दुसऱ्याविषयीं मौन पाळतो.

विलायतेंतील हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. डिसेंबर १९५२ मध्यें ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडन शहरावर धूर व धुकें यांचें दाट आवरण बसून हजारों माणसें दगावलीं. तो धूर बहुतांशीं दगडी कोळशाचा होता. त्यावरून १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला व धूरनियंत्रित क्षेत्रें ठरविण्याची तजवीज झाली. सध्यां तेथें १९९३ चा कायदा चालतो. अशा क्षेत्रांत घरीं लांकूड जाळावयाचें तर तपासून सूट दिलेल्या शेगडींतच जाळावें लागतें. पुढें १ मे २०२१ पासून इंग्लंडांत असाहि नियम झाला कीं, दोन घनमीटरांहून कमी मापानें विकल्या जाणाऱ्या सरपणांत पाण्याचा अंश शेंकडा २० हून अधिक असूं नये. आम्हांस त्यांतील मर्म हें वाटतें कीं, तेथें शेगडी व सरपण हीं दोन्हीं तपासलीं जातात. आपल्याकडे मुंबईंत जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें लांकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांस सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर येण्यास फर्माविलें. खेड्यांतील चुलीस असा हुकूम नाहीं. आपल्या घरचें धूरनियंत्रित क्षेत्र आपणच आंखून घेतलें पाहिजे.

म्हणून आधीं सरपणाकडे वळूं. ताज्या तोडलेल्या लांकडाचें जवळजवळ निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. ४० किलोची ओली मोळी घेतली तर तींत २० किलो पाणी. त्याची वाफ करण्यांत सुमारें ३ किलो कोरडें लांकूड खर्ची पडतें. ही तूट सोसण्यासारखी आहे असें वाटेल. परंतु खरें नुकसान निराळेंच आहे. वाफ निघत असतां चुलीची आंच उतरते, आणि आंच उतरली कीं बाकीचें लांकूडहि धूर होऊन जातें. चांगल्यांत चांगली चूल ओल्या लांकडानें तीन दगडांच्या बरोबरीस येते. आमची पद्धत अशी आहे : माघांत तोड करावी, होळीपूर्वीं फोडून ढलप्या कराव्या, चैत्र-वैशाखाचें ऊन द्यावें, व मृगापूर्वीं त्या जमिनीपासून वीतभर उंच माचीवर, वर छप्पर व बाजूंनीं वारा खेळेल अशा रीतीनें रचाव्या. वाळलें कीं नाहीं हें पाहण्यास एका ढलपीवर खूण करून ती दर आठवड्यास तोलावी. वजन उतरेनासें झालें म्हणजे वाळलें असें समजावें. शेण्या धूर फार करतात, त्या होतां होईल तों घरांत जाळूं नयेत. त्यांचें काम उकिरड्यांत व शेतांत आहे. प्लास्टिकच्या पिशवीनें चूल पेटविण्याची जी चाल अलीकडे पडली आहे तिजविषयीं लिहिण्यासहि आम्हांस संताप येतो.

आतां चुली. बाजारांत नांवें पुष्कळ असलीं तरी जाती थोड्याच आहेत. पहिली, दोन भांड्यांची, धुराडें असलेली बांधीव चूल. वर्ध्याच्या मगनवाडींतील मगन चूल याच जातीची होती व पुढें प्रसार पावलेली लक्ष्मी चूलहि याच जातीची. दुसरी, उचलून ठेवतां येणारी लोखंडी चूल. हिच्या आंत उभी नळी असते, तींत ज्योतीस जळण्यास उंची मिळते. खालीं जाळी असल्यामुळें हवा सरपणाच्या खालून येते. तिसरी, पंख्याची, हिला बॅटरीवर चालणारा लहान पंखा असून तो वरच्या भोंकांतून हवा फुंकून वायु जाळतो. धूर जाळण्यांत तिसरी सर्वांत सरस, यांत वाद नाहीं. परंतु तिला दोन-तीन बोटें लांबीचे तुकडे करून द्यावे लागतात. पऱ्हाटी व तुराटी असे बारीक तोडीत बसण्यास घरांत माणूस पाहिजे.

भारतीय मानक ब्यूरोचें या वस्तूस आय. एस. १३१५२ (भाग १) : २०१३ हें मानक आहे. त्याप्रमाणें साध्या चुलीची कार्यक्षमता शेंकडा २५ व पंख्याच्या चुलीची शेंकडा ३५ हून कमी असतां कामा नये. आणि भांड्यास लागलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागें धुराचे कण साध्या चुलीनें ३५० मिलिग्रॅम व पंख्याच्या चुलीनें १५० मिलिग्रॅम यांहून अधिक सोडूं नयेत. विकत घेतांना ही मोहर पाहावी, नसल्यास घेऊं नये. पण मोहर पाहून निर्धास्तहि होऊं नये. कां, तें कारकुनी हिशेबानें दाखवितों.

पांच लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेण्यास सुमारें १.४७ मेगाज्यूल उष्णता लागते. मानकाच्या काठावर बसणारी साधी चूल एवढ्या कामांत सुमारें ५१५ मिलिग्रॅम कण सोडील, व पंख्याची सुमारें २२०. आतां जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं घरांतील चुलींसाठीं जी मर्यादा सुचविली ती धुराडें नसेल तर मिनिटास ०.२३ मिलिग्रॅम सूक्ष्म कण, म्हणजे अर्ध्या तासास सुमारें ७ मिलिग्रॅम. एकूण कण व सूक्ष्म कण यांचें मोजमाप तंतोतंत एक नव्हे, तरी चुलीच्या धुरांत बहुतेक भाग सूक्ष्म कणांचाच असतो. तेव्हां कोठें ७ आणि कोठें ५१५ ! धुराडें असेल तर तीच संघटना मिनिटास ०.८० पर्यंत सूट देते, कारण बराचसा धूर घराबाहेर जातो. तरीहि अर्ध्या तासास तें २४ च होतात. यावरून आमचें मत असें बनलें कीं, मोहरेची चूल ही पूर्वीच्या चुलीहून बरी, पण निर्धूर नव्हे. ती घरांत ठेवावयाची तर तिजवर धुराडें हवेंच, आणि धुराडें नसलेली चूल, मग ती कितीहि नवी असो, पडवींत किंवा अंगणांतच पेटवावी.

घेण्यापूर्वीं चुलीची पारख घरच्या घरीं करतां येते. झांकणाचें पातेलें घेऊन त्यांत मोजून पांच लिटर पाणी घालावें. वाळलेलें सरपण किलोभर तोलून घ्यावें, पाण्यास उकळी येण्याच्या बेतांत आली कीं आंत राहिलेलें लांकूड ओढून विझवावें व उरलेलें पुन्हां तोलावें. शेंकडा २५ ची चूल सुमारें ३७० ग्रॅम लांकडांत हें काम करते. शेंकडा १० ची सुमारें ९२० ग्रॅम खाते. दुकानदार पाणी तापवून दाखविण्यास कांकूं करूं लागला तर समजून घ्यावें. आमच्या जुन्या मातीच्या चुलीनें १ किलो ५० ग्रॅम घेतले. व्याह्यांकडून आठ दिवसांच्या बोलीनें आणलेल्या पंख्याच्या चुलीनें २९० ग्रॅमांत काम उरकलें, आणि आम्ही तीच घेण्याच्या विचारांत होतों.

तेथें आमच्या कुटुंबानें हरकत घेतली, व ती योग्य होती. भाकरी तव्यावर नुसती भाजून होत नाहीं. ती उतरवून चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यास टेकवावी तेव्हां फुगते. पंख्याच्या चुलीस तोंडच नाहीं व निखारा बाहेर येत नाहीं. ज्या चुलीवर घरची भाकरी होत नाहीं ती चूल चार दिवसांत माळ्यावर जाते आणि जुनी पुन्हां पेटते. चूल विकत घेण्यास पुरुष जातो व तिजपुढें बसते दुसरेंच कोणी, या एका गोष्टीमुळें किती पैसा वायां गेला असेल ! निवड करतांना घरांतील बायकांस बरोबर न्यावें. भांड्यांचीं बुडें किती रुंद, तवा केवढा, बसून करावयाचें कीं उभ्यानें, हें त्याच सांगूं शकतात.

धुराड्याविषयीं दोन शब्द. १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालून देशभर सुमारें साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. त्यांपैकीं एक आमच्या जुन्या घरींहि होती. दोन पावसाळ्यांत तिचें धुराडें काजळीनें चोंदलें, धूर उलटा घरांत येऊं लागला, आणि आमच्याच वडिलांनीं नळी उपटून टाकली. साफ करावी लागते हें घरांत कोणी मनावर घेतलें नव्हतें, दोष आमचाच. धुराडें सरळ असावें, वांकण घेऊं नये, छपराच्या माथ्याहून उंच जावें, पावसासाठीं वर टोपी असावी, व खालच्या बाजूस हात जाईल एवढी खिडकी काजळी काढण्यास ठेवावी. जुन्या सिमेंटच्या नळींत अॅस्बेस्टॉस असतो. ती कापतांना उडणारी धूळ फुप्फुसास घातक आहे, म्हणून पत्र्याची नळी बरी. छपराच्या लांकडास किंवा पाचटास ती भिडूं देऊं नये. आणि थंडींत निखाऱ्याची शेगडी बंद खोलींत घेऊन कोणी निजूं नये. निखाऱ्यास धूर नसतो, पण त्यांतून निघणारा विषारी वायु वासावांचून माणूस मारतो.

शेवटीं आमच्या घरीं पुढीलप्रमाणें ठरलें. रोजचा स्वयंपाक गॅसवर. पाण्याचा बंब न्हाणीघरांतून काढून अंगणांत. भाकरीसाठीं दोन भांड्यांची, जाळीची व धुराड्याची चूल. तिनें पहिल्या भांड्यास ५८० ग्रॅम लांकूड घेतलें, व वैलावर आंबोणाचें पाणी फुकट कोमट झालें. पंख्याच्या चुलीहून ती खादाड आहे, पण ती रोज पेटते. मातुश्रींचा दम गेला असें लिहिणें खोटें होईल. झालेली हानि भरून येत नाहीं असें डॉक्टर म्हणतात. त्यांस आतां ओसरीवर खाट दिली आहे, आणि सूनबाईचे डोळे भाकऱ्या करतांना गळत नाहींत. दर अमावास्येस धुराडें झाडण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे. गेल्या खेपेस अर्धी पाटी काजळी निघाली.