लहान ट्रॅक्टर आणि पुढचा लोडर : घेण्याआधी सरी मोजा



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आमचे शेती मदतनीस शिवारात फिरत असताना हल्ली एकच विचारणा वारंवार होते. "साहेब, तो पुढं बकेटवाला बारका ट्रॅक्टर घ्यावा का?" कोणी प्रदर्शनात पाहिलेला असतो, कोणी मोबाईलवर. विचारणाऱ्याचे म्हणणेही खोटे नाही. दावणीची बैलजोडी गेली, ती परत येणार नाही. उकिरड्यातले शेणखत ट्रॉलीत भरायला माणूस मिळत नाही आणि शेवटी पाट्या घरच्या बायांच्याच डोक्यावर येतात. जेसीबी बोलवावा तर तो अर्ध्या तासाच्या कामाला येत नाही, आणि आला तरी पाणंदीतून वस्तीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी तीन-साडेतीन फूट रुंदीचा, चारही चाकांनी ओढणारा, पुढे बकेट असलेला ट्रॅक्टर दिसला की मन ओढ घेणारच.

या बाबतीत आधी आमचीच एक चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका डोंगराकडच्या सभासदाने असा ट्रॅक्टर घेताना आमच्या खात्याला विचारले होते. आम्ही अश्वशक्ती विचारली, किंमत विचारली आणि "घ्या" म्हणालो. लोडर कंपनीचा नव्हता, गावाकडच्या फॅब्रिकेशनमध्ये बनवून बसवलेला होता, हे आम्ही विचारलेच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पाणंदीतले खड्डे बुजवताना त्यांच्या मुलाने बकेट मुरमाने शिगोशीग भरली, डोक्याएवढी वर उचलली आणि उतारावर गाडी वळवली. पुढचे एक चाक खड्ड्यात गेले आणि ट्रॅक्टर कुशीवर पडला. पोराचा पाय मोडला, जीव वाचला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या माउलीने आम्हाला चहा दिला, बोलल्या काही नाहीत. तेव्हापासून या यंत्राबद्दल कोणी विचारले की आम्ही घाईने उत्तर देत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे लहान ट्रॅक्टर जपानमध्ये भाताच्या चिमुकल्या खाचरांसाठी वाढले. पुढे अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या घराभोवतीच्या पाच-दहा एकरांत गवत कापणे, बर्फ सारणे, खत-माती हलवणे अशा कामांसाठी त्यांना पुढचा लोडर जोडला जाऊ लागला. तिथे मालकाला सरीतून जायचे नसते, भरणी करायची नसते. आपल्याला मात्र दोन्ही कामे एकाच यंत्राकडून हवी आहेत, आणि तिथेच घोटाळा होतो. याचा अर्थ नवे यंत्र वाईट असा घेऊ नये. आपल्याच भागात, १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या मंडळींना लोखंडी नांगर खपवताना काय यातायात पडली हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. लोखंडाने जमीन नासते असे तेव्हा लोक म्हणत. आपण तसे म्हणणार नाही. आपण फक्त मोजून बघणार.

पहिली मोजायची ती सरी. आपल्याकडे अजूनही बऱ्याच शेतात सव्वातीन-साडेतीन फुटांची सरी आहे. ट्रॅक्टर तीन फूट रुंद धरा. साडेतीन फुटांच्या सरीत दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जागा उरते. उसाला फुटवे फुटलेले असताना या तीन इंचांत चाक चालवणे म्हणजे फुटवे मोडत जाणे होय. साडेचार फुटांच्या सरीत हीच जागा नऊ-नऊ इंच मिळते, पाच फुटांत बारा-बारा. भारी जमिनीत चार ते पाच फूट अंतर ठेवा हे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. ते केवळ ट्रॅक्टरसाठी नव्हे, उसाला हवा-उजेड मिळावा म्हणूनही. पण आज ज्याची सरी साडेतीन फुटांची आहे, त्याने यंदा ट्रॅक्टर घेऊन ठेवला तर तो बाळबांधणीला उपयोगी पडणार नाही. पुढच्या लागणीपर्यंत आणि मग खोडवा असेल तर आणखी एक वर्ष, तो शेडमध्ये उभा राहील आणि हप्ता मात्र उसाच्या बिलातून कापला जाईल. म्हणून आधी सरी रुंद करा, मग यंत्राचे बघा. जोडओळ पट्टा पद्धत असेल तर पट्ट्यात ट्रॅक्टर सहज जातो, तिथे हा प्रश्न नाही.

सरीबरोबर बांधाकडेची जागाही बघा. लहान ट्रॅक्टर कमी जागेत वळतो हे खरे. परंतु पुढे लोडर लावलेला असला की त्याची लांबी चार-पाच फुटांनी वाढते. आपल्याकडे बांधापर्यंत ऊस लावण्याची सवय. त्यात लोडरसकट सरीतून बाहेर पडून वळायचे म्हणजे शेजाऱ्याच्या उसात शिरणे, आणि त्यातून भांडण. म्हणून आंतरमशागतीच्या वेळी लोडर काढून ठेवता आला पाहिजे. घेताना विक्रेत्याला सांगा, "आमच्यासमोर काढून दाखवा आणि परत बसवून दाखवा." एका माणसाला पंधरा-वीस मिनिटांत जमत असेल तर ठीक. पाने-हातोडे घेऊन तिघे जण लागत असतील तर तो लोडर एकदा बसला की कायमचा बसला असे समजा.

आता वजनाचा हिशेब. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे. २० ते २८ अश्वशक्तीचे जे लहान ट्रॅक्टर बाजारात आहेत, त्यांतले बरेचसे स्वतःच ६०० ते १००० किलो वजनाचे असतात. बैलगाडी हाकलेल्या माणसाला पुढचे सांगायची गरज नाही. गाडीत ओझे पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते, मागे जास्त झाले की गाडी उलाळते. लोडरचे तसेच आहे. बकेटमधले ओझे पुढच्या आसाच्याही पुढे लटकलेले असते. ते जितके जड, तितकी मागची चाके हलकी होतात. मागची चाके हलकी झाली की ब्रेक धरत नाही, कारण बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. उतारावर याचा अर्थ काय होतो तो वर सांगितलाच आहे.

बकेट साधारण दीडशे लिटरची धरू. तिच्यात कुजलेले शेणखत भरले तर ते शंभर किलोच्या आसपास भरेल. तीच बकेट ओल्या मुरमाने भरली तर अडीचशे किलोपर्यंत जाईल. डोळ्यांना बकेट तेवढीच दिसते, ट्रॅक्टरला मात्र अडीचपट ओझे होते. तेव्हा शेणखत, कारखान्याचे प्रेसमड, पाचटाचे कंपोस्ट यांसाठी हा लोडर चांगला. मुरूम, दगड, ओली काळी माती यांसाठी अर्धी बकेटच भरावी. मागे रोटाव्हेटर किंवा दोनशे-तीनशे किलोचे वजन जोडल्याशिवाय लोडर चालवू नये. चालताना बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवावी, ट्रॉलीजवळ गेल्यावरच उचलावी. उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहू नये. आणि कृपा करून पोरांना बकेटमध्ये बसवून वस्तीवर फिरवू नये. हे आम्ही पाहिले आहे म्हणून लिहितो.

लोडर घ्यायचाच असेल तर ट्रॅक्टर चार चाकांनी ओढणारा असावा आणि त्याला पॉवर स्टिअरिंग असावे. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरचा पुढचा आस या ओझ्यासाठी बनवलेला नसतो. लोडर कंपनीने स्वतः बनवलेला किंवा त्या मॉडेलसाठी लेखी मान्य केलेला असावा. बाहेरून बसवून घेतल्यास पुढचा आस किंवा क्लच हाउसिंग गेले तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. "चालतं हो, सगळे बसवतात," असे तोंडी आश्वासन पुरेसे नाही, कागद मागा.

एवढे करूनही प्रश्न राहतो तो कामाच्या तासांचा. सभासदाचा चार एकर ऊस आहे, त्यात दरवर्षी दोन एकर लागण आणि दोन एकर खोडवा, असे धरू. लागणीला एकरी १० टन शेणखत म्हटले तर शंभर किलोच्या शंभर बकेटी होतात. एका फेरीला दीड मिनिट लागले तर अडीच तास. दोन एकरांचे पाच तास. बघा, वर्षाचे काम पाच तासांचे! दावणीला आठ-दहा जनावरे असतील, खड्डा उपसणे, खत पलटणे, वैरणीची जागा साफ करणे हे धरले तरी वीस-पंचवीस तासांच्या पुढे जाणे अवघड.

आता दोन लाखांचा लोडर धरा. दहा वर्षांनी त्याचे पन्नास हजार आले तर वर्षाची झीज पंधरा हजार. दहा टक्के व्याजाने सरासरी गुंतवणुकीवर साडेबारा हजार. तेल, होजपाइप, पिना यांना अडीच हजार. एकूण तीस हजार रुपये वर्षाला, डिझेल आणि ट्रॅक्टर सोडून. पाच तासांच्या कामावर हा खर्च तासाला सहा हजार पडतो. पंचवीस तासांवर बाराशे. शंभर तास काम मिळाले तर तीनशे. किमती आणि व्याज जागेवर विचारून आपापले आकडे घाला, पण रीत हीच ठेवा. हा हिशेब आम्ही एका गट ऑफिसात फळ्यावर मांडला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "म्हंजे सोन्याच्या खोऱ्यानं शेण भरायचं की!" आम्हाला याहून चांगले सांगता आले नसते.

तर मग काय करावे? आमचे मत असे की, साडेचार फुटांच्या सरीत चार-पाच एकर ऊस असणाऱ्याने लहान ट्रॅक्टर जरूर पाहावा. बाळबांधणी, भरणी, खोडव्यात बगला फोडणे, फवारणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाड्याची कामे मिळून त्याला वर्षाला तीनशे-चारशे तास मिळू शकतात. नुसत्या आंतरमशागतीला १५ ते १८ अश्वशक्तीही पुरते. लोडर मात्र वस्तीवरच्या दहा-बारा घरांनी मिळून, किंवा गावच्या विकास सोसायटीने अवजार केंद्रात ठेवावा. आधीच तासांची नोंदवही घालावी आणि चालवणारा माणूस एकच ठरवावा. गुऱ्हाळवाले, मोठा गोठा किंवा कोंबडी खताचा व्यवहार असणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांना शंभर तास सहज मिळतील, त्यांनी स्वतंत्र घ्यावा.

नदीकाठच्या सभासदांना आणखी एक सूचना. कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या रानात वापसा नसताना कोणताही ट्रॅक्टर घालू नये, लहान असला तरी. त्याचे वजन कमी असले तरी चाकेही अरुंद असतात, आणि पुढे लोडर असला की पुढची चाके रुततात. चोपण रानात तर हे चाकोऱ्यांचे घट्ट थर पुढे दोन-दोन वर्षे निघत नाहीत. ऊस वाहतुकीसाठी हा ट्रॅक्टर घेऊ नये. मागे ट्रॉली जोडून तो रिकाम्या रस्त्यावर पळतो म्हणून भरल्या ट्रॉलीला उतारावर आवरेल असे नाही.

कंपनीचे नाव सुचवणे आमचे काम नव्हे. कुबोटाचा निओस्टार, महिंद्राचा जिवो आणि २०२३ मध्ये आलेला ओजा, व्हीएसटीचे शक्ती असे पर्याय आहेत, सेवा केंद्र कोणाचे जवळ आहे ते आधी पाहा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. विक्रेत्याकडे तो चाचणी अहवाल मागा. माहितीपत्रकावर इंजिनची अश्वशक्ती मोठ्या अक्षरात असते, पण रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर मिळणाऱ्या शक्तीवर आणि ती कमी असते. अहवालात ती दिलेली असते, लिफ्टची उचलही असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने दरपत्रक कोणी दाखवल्यास मान्य करू नका. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते. आधी ट्रॅक्टर दारात आणून मग अर्ज करणारे अनुदानाला मुकतात. अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचाराव्यात.

ज्यांना सल्ला हवा असेल त्यांनी गट ऑफिसला येताना चार गोष्टी लिहून आणाव्यात : सरीचे टेपने मोजलेले अंतर, बांधाकडेला वळायला किती फूट जागा आहे, रानाचा उतार कसा आहे आणि वर्षाला लोडरचे किती तास काम आहे. अंदाजाने सांगू नये. टेप नसेल तर आमच्या शेती मदतनीसांकडे आहे, तो मागून घ्यावा.