‘फेल’ : एका क्रियापदाचे रूपांतर

‘फेल’ हा इंग्रजी शब्द शालेय निकालांमुळे मराठी माणसाच्या पूर्ण परिचयाचा आहे. विद्यार्थी फेल होतो, मोटारीचा ब्रेक फेल होतो. मराठीत हा शब्द ‘होणे’ या क्रियापदाच्या आश्रयाने वावरतो. इंग्रजीत मात्र तो स्वतःच क्रियापद आहे, व नाम हवे असल्यास ‘फेल्युअर’ योजावे असा शिष्टसंमत संकेत आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आंतरजालावरील तरुण मंडळींनी हा संकेत झुगारून जगजाहीर फजितीस ‘एपिक फेल’ म्हणण्यास प्रारंभ केला. महाकाव्यवाचक ‘एपिक’ची ही अवस्था पाहून खंतावेल, पण तो निराळा विषय.

या प्रयोगाचे मूळ सामान्यतः ‘ब्लेझिंग स्टार’ या १९९८ च्या जपानी व्हिडिओ-खेळात दाखविले जाते. खेळाडू हरला की पडद्यावर ‘यू फेल इट’ असे मोडके इंग्रजी वाक्य उमटे. त्याची थट्टेने नक्कल होऊ लागली, आणि पुढे दोन्ही सर्वनामे गळून एकटे ‘फेल’ उरले.

यास अपभ्रष्ट म्हणणाऱ्यांनी शेक्सपिअरचे ‘द विंटर्स टेल’ उघडावे. तेथे ‘फेल’ नाम म्हणूनच आले आहे. ‘विदाउट फेल’ या वाक्प्रचारात ते जुने नाम आजही तग धरून आहे. तेव्हा नवलाई नामाची नसून उद्गाराची आहे. ‘फेल्युअर’ म्हटले की कोणाचे, कशात, का, हे प्रश्न उद्भवतात. नुसते ‘फेल!’ म्हणणारा चौकशी करीत नाही, निकाल देऊन मोकळा होतो. कर्ता लोपतो व प्रेक्षक तेवढा उरतो. २००८ च्या जानेवारीत निघालेल्या ‘फेल ब्लॉग’ या संकेतस्थळावर परक्यांच्या फजितीच्या छायाचित्रांवर हाच शब्द ठोकलेला असे. त्याच वर्षी सप्टेंबरात, बँकांना वाचविण्याच्या योजनेसंबंधी अर्थमंत्री हेन्री पॉल्सन व मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की अमेरिकी सिनेटपुढे साक्ष देत असता, एका निदर्शकाने एवढ्याच शब्दाचा फलक उंचावला. थट्टेच्या शब्दाला राजकीय धार चढली ती अशी.

अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००९ च्या शब्दांतून ‘सर्वांत उपयुक्त’ म्हणून नाम व उद्गार या रूपांतील ‘फेल’ निवडले. ‘एपिक’ची जोड आता शिळी वाटते, ‘फेल’ मात्र घरोघर पोचले आहे. भट्टीतला केक करपला की इंग्रजी गृहिणी स्वतःच त्याचे छायाचित्र काढून खाली ‘बेकिंग फेल’ असे लिहिते.