शिट्टी झाली नाही तर?

अंबड तालुक्यातल्या आमच्या घरात पहिला कुकर आला, तेव्हा मी पाचवीत होतो. तोवर तुरीचं वरण चुलीवर शिजायचं. आजी सकाळीच आधण ठेवायची आणि डाळ मऊ व्हायला दीड-दोन तास लागायचे. वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची गरम भाकरी. ती चव अजून जिभेवर आहे. कुकरची पहिली शिट्टी झाली तशी आजी उठून ओसरीवर जाऊन उभी राहिली. "ह्यो फुटला म्हंजी?" तिनं विचारलं. आम्ही पोरं हसलो.

आता सरकारी दवाखान्यात वाफेनं भाजलेल्या बायका येतात, तेव्हा आजीचा प्रश्न आठवतो. मध्यंतरी एक ताई आल्या. शिट्टी होत नव्हती, मुलांची शाळेची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी झाकण जोर लावून ओढलं. चेहऱ्यावर आणि हातावर उकळती डाळ उडाली. घरच्यांनी वर टूथपेस्ट थापली. जखम तपासण्याआधी आम्हाला ती धुवावी लागली.

कुकरचं तत्त्व साधं आहे. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. असं भांडं १६७९ मध्ये डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकानं लंडनमध्ये दाखवलं. ते फुटू नये म्हणून सुरक्षा झडपही त्यालाच शोधावी लागली. आपल्या कुकरमध्ये शिट्टी जास्तीची वाफ सोडते. तिची वाट तुंबली, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा होऊन वाफ बाहेर काढतो.

वाट तुंबते कशानं? डाळीच्या फेसानं, सालींनी आणि क्षारांनी. आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ शिजता शिजत नाही. मग आपण शिट्ट्या वाढवतो. तेच क्षार शिट्टीखालच्या नळीत पांढरे थर होऊन बसतात. डाळ तासभर भिजवा, चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घाला, मऊ पाणी मिळत असेल तर ते वापरा. शिट्ट्या आपोआप कमी लागतील.

कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का, ते बघा. डाळ-तांदूळ पाण्यासकट निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, इतर पदार्थ दोन तृतीयांशापर्यंतच. रबर कडक झालं किंवा चिरलं तर बदला. रबर आणि व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या. बाजारातले स्वस्त, बिननावाचे नकोत. नवा कुकर घेताना आयएसआय चिन्ह बघा. फेब्रुवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

शिट्टी होत नसेल, बाजूनं वाफ येत असेल, तर गॅस बंद करा आणि कुकरला हात लावू नका. चमच्यानं ठोकू नका. तो पूर्ण थंड होऊ द्या. शिट्टी हलकेच उचलल्यावर वाफ आली नाही, तरच झाकण काढा. झाकण अडलं, तर दाब अजून आत आहे असं समजा.

तरीही भाजलंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरा. नळाला पाणी नसेल तर हंड्यातलं तांब्यानं ओतत राहा. सूज यायच्या आत बांगड्या आणि अंगठी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ काहीही लावू नका. स्वच्छ ओलसर कापड झाकून दवाखान्यात या. चेहरा, डोळे, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, रुग्ण लहान मूल असेल, किंवा भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

वाफेचं भाजणं पाण्यापेक्षा वाईट का? एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेच उकळतं पाणी अंगाच्या तापमानाला येताना साठ-पासष्टच सोडतं.

आजी पुढं कुकर वापरायला शिकली. पण लावण्याआधी रोज झाकण खिडकीकडे धरून बघायची. आम्ही त्यालाही हसायचो.