डिपॉझिट किती घेणार, कॅप्टन?

खरं सांगा, फ्लॅट भाड्याने घेताना ॲग्रीमेंटचं प्रत्येक पान वाचलं होतंत? ब्रोकर म्हणाला ‘इथे सही करा’, आपण केली. ऑफर लेटरचीही तीच कथा. पगाराचा आकडा दिसला की बाकीचं वाचतो कोण? अशी सवय घेऊन ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये शिरलात, तर पहिल्याच आठवड्यात खिसा साफ!

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेला हा गेम. हजारो खेळाडू एकाच अंतराळात जहाजं बांधतात, खनिजं काढतात, धंदा करतात आणि लढतात. चलनाचं नाव आयएसके. गंमत म्हणजे, काही मोजके अपवाद सोडले तर इथे दुसऱ्याला गंडवणं नियमबाह्य नाही. गेम चालवणाऱ्यांकडे रडत गेलात, तरी पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे इथे लोक कॉन्ट्रॅक्ट लिहायला शिकतात... झक मारत!

सगळ्यात मजेशीर प्रकार कुरियरचा. समजा, तुमचा ५० कोटी आयएसकेचा माल कुठल्या तरी कोपऱ्यातल्या स्टेशनवर पडलाय आणि तो जिटाला, म्हणजे गेममधल्या सगळ्यात मोठ्या बाजारात पोचवायचाय. तुम्ही कॉन्ट्रॅक्ट लावता : कुठून कुठे, किती दिवसांत, मजुरी किती आणि डिपॉझिट किती. डिपॉझिट भरायचं माल नेणाऱ्याने, तेही आधी. माल पोचला की डिपॉझिट परत, वर मजुरी. नाही पोचला तर डिपॉझिट तुमचं. वकील नको, कोर्टाच्या तारखा नकोत, हिशेब सर्व्हर करतो.

पण आकडा तुम्हीच ठरवायचाय, आणि खरी मेख तिथेच आहे. ५० कोटींच्या मालावर ३० कोटींचं डिपॉझिट ठेवलंत, तर समोरचा माल घेऊन गुल! त्याला चोर तरी कसं म्हणणार? तुमचा माल त्याने तुम्हीच लावलेल्या भावात उचललाय. मग सेफ्टी म्हणून २०० कोटी मागावेत? छे! मुरलेला कॅप्टन त्या कॉन्ट्रॅक्टकडे ढुंकूनही बघणार नाही. त्याला लगेच वास येतो : वाटेत याचे दोस्त दबा धरून बसले असणार. माझं जहाज उडवतील, माल जाईल आणि २०० कोटी याच्या घशात. पोलिसांच्या हद्दीतही हे सर्रास चालतं. पोलीस हल्लेखोराला शिक्षा करतात, पण तोवर तुमच्या जहाजाचा भुगा झालेला असतो.

म्हणून डिपॉझिट मालाच्या बाजारभावापेक्षा जरासंच जास्त हवं. चोरी परवडू नये आणि सापळ्याचा संशयही येऊ नये. मजुरीचंही तसंच. आठ उड्यांच्या प्रवासाला कोणी राजेशाही रक्कम देत असेल, तर आधी पत्ता तपासायचा. एके काळी डिलिव्हरीचं स्टेशन एखाद्या खेळाडूच्या मालकीचं असलं, तर तो तुमच्यासाठी दारच बंद करून टाकायचा. माल पोटात, मुदत संपलेली, डिपॉझिट बुडालेलं!

साध्या खरेदी-विक्रीतले चकवे मात्र जुनेच. शीर्षकात एक वस्तू, यादीत दुसरी. किमतीत एक शून्य जास्त. ‘तुम्ही देणार’ आणि ‘तुम्हाला मिळणार’ यांची अदलाबदल.

आणि जिथे सर्व्हर मध्ये पडत नाही तिथे? ईबँक नावाची बँक खेळाडूंनीच चालवली होती. ठेवीदारांकडे होता फक्त शब्द. २००९ मध्ये बँकेच्याच एका मुख्य माणसाने सुमारे २०० अब्ज आयएसके काढले आणि खऱ्या पैशांत विकले. मिळाले सहा हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर. बातमी फुटताच ठेवी काढायला झुंबड उडाली. कंपनीने त्याला गेममधून हाकललं, पण ते आयएसके खऱ्या पैशांत विकल्याबद्दल. ठेवीदारांना टोपी घातल्याबद्दल नाही!

टायटन या अजस्र जहाजांचं दुखणं वेगळं होतं. अनेक वर्षं ती कुठल्याच स्टेशनात मावत नसत, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टमधून विकताही येत नसत. आधी पैसे द्यायचे की आधी जहाज? यावर तोडगा निघाला तो मध्यस्थाचा. विकणारा जहाज त्याच्या ताब्यात देणार, घेणारा पैसे त्याच्याकडे भरणार, मग तो दोघांचं दोघांना देऊन आपली फी घेणार. अशा एका खेळाडूचं नाव गेमभर दुमदुमत होतं. मनात आणलं असतं तर एका सौद्यात तो जहाज आणि पैसे दोन्ही घेऊन पसार होऊ शकला असता. पण मग पुढच्या सौद्याची फी कोणी दिली असती त्याला?