गटशिक्षणाधिकाऱ्यांचा आठवडा : कन्नड तालुक्यातून पाहताना

आपल्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक कोण, हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव वर्तमानपत्रातून अधूनमधून कानावर पडते. परंतु या दोघांच्या मध्ये पंचायत समितीच्या इमारतीत जो अधिकारी बसतो, ज्याच्या सहीवाचून तालुक्यातील प्राथमिक शाळांचे पान हलत नाही, त्या गटशिक्षणाधिकाऱ्याचे काम नेमके काय, असे विचारले तर आपल्यातील शिकलेली मंडळीही घुटमळतात. समाजातील पालकांना हे माहीत असणे अगत्याचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रस्तुत लेखक शिक्षक नाही, बँकेत कारकून आहे. परंतु शाळांची खाती, मुलांच्या शिष्यवृत्तीची खाती, गुरुजींचे पगार हे सारे टेबलावरून जात असल्यामुळे शाळा खात्याचे पाणी कोणत्या पाटाने कुठे जाते, हे थोडेफार कळते.

कन्नड तालुका निजामाच्या राज्यात होता, तेव्हा शिक्षण खात्याला तालीमात म्हणत आणि कारभार उर्दूत चाले. खेड्यात शाळा अपवादानेच असे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुढे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. आजची घडी त्या वेळेची आहे. तालुक्याचा गट, गटाला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीटवार शिक्षण विस्तार अधिकारी, आणि साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख. हे केंद्रप्रमुखाचे पद त्यामानाने नवे, १९९४ च्या शासन निर्णयानंतरचे. त्यापूर्वी तपासणीला साहेब आले म्हणजे वर्षातून एखादा दिवस, आणि त्या दिवशी सबंध गाव सारवून निघे!

आता आठवड्याकडे वळू. सोमवार हा कार्यालयाचा दिवस समजावा. टपाल, जिल्ह्याहून आलेली पत्रे, आणि "आजच माहिती सादर करा" अशा निरोपांची रांग. या दिवशी सर्वांत जास्त गर्दी शिक्षकांची असते. कोणाचे भविष्य निर्वाह निधीचे प्रकरण अडले आहे, कोणाचे वैद्यकीय बिल आहे, कोणाची बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी राहिली आहे. एखाद्याची सेवापुस्तिकाच सापडत नाही. बाहेरच्या माणसाला ही कामे क्षुल्लक वाटतात. परंतु डोंगरातल्या शाळेचा गुरुजी सेवापुस्तिकेसाठी तीन वेळा कन्नडला आला, म्हणजे त्या शाळेतील मुलांचे तीन दिवस गेले. शाळा दोनशिक्षकी असेल तर चार वर्ग एका माणसाच्या गळ्यात पडतात. म्हणून जो गटशिक्षणाधिकारी शिक्षकांची कागदपत्रे केंद्रप्रमुखामार्फत मागवून घेतो आणि मंजूर करून त्याच वाटेने परत पाठवतो, तो मुलांवर किती उपकार करतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मंगळवार-बुधवार शाळाभेटीचे. कन्नड तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे या भेटी किती अवघड ते कळते. देवगाव रंगारी, हतनूरकडचा भाग सपाट व रस्त्यालगतचा. पिशोर, चिंचोली लिंबाजी, करंजखेड ही मोठी गावे दुसऱ्या अंगाला. नागदकडे जायचे तर अजिंठ्याची डोंगररांग उतरून खाली जावे लागते. गौताळ्याच्या अभयारण्यालगत भिल्ल, ठाकर समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, तेव्हा डोंगराच्या अल्याडपल्याडचे लोक एकमेकांपासून किती लांब आहेत याचा प्रत्यय सर्वांनाच आला.

शाळेत गेल्यावर साहेबांनी पाहायचे काय? हजेरीपट आणि प्रत्यक्ष बसलेली मुले यांचा मेळ. पोषण आहाराचा तांदूळ आणि साठा नोंदवही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे योजनेचे प्रमाण आहे. ते कागदावर नव्हे, ताटात पाहावयाचे असते. मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे की कुलूप लावून "जपून" ठेवले आहे, तेही पाहावयाचे. परंतु माझ्या मते खरी तपासणी एकच. मागच्या ओळीतल्या मुलाला उठवावे, पुस्तक द्यावे आणि वाचायला सांगावे. पुढच्या ओळीतील मुले साहेबांना नेहमीच वाचून दाखवतात.

महिन्यातून एक दिवस प्रत्येक केंद्रात शिक्षण परिषद भरते. दहा शाळांतील शिक्षक एका शाळेत जमतात, एखादा गुरुजी पाठ घेऊन दाखवतो, कोणी गणिताचे घरी बनवलेले साहित्य आणतो. गटशिक्षणाधिकारी यांपैकी शक्य तितक्या परिषदांना जातात. तिथे ते अधिकारी म्हणून खुर्चीवर बसले की परिषद पत्रकांच्या वाचनातच संपते. शिक्षकांमध्ये बसले तर एकटेपणाने काम करणारी माणसे बोलती होतात. वस्तीवरच्या शाळेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बाईंना महिन्यातून एकदा आपल्या व्यवसायाची दहा माणसे भेटणे, हीच मोठी गोष्ट असते. शिक्षकांची एक तक्रार मात्र या परिषदेत हटकून निघते, ती म्हणजे बाहेरची कामे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगर शैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. प्रत्यक्षात माहिती भरण्याचे काम कलमात बसत नाही आणि कमीही होत नाही. गटशिक्षणाधिकारी तरी काय करणार, वरून मागितलेली माहिती त्यांनाच गोळा करून द्यायची असते.

आता ज्या विषयासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, तो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्याच्या डोंगराळ भागातून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांत आपल्या समाजाची आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत. ट्रॅक्टर रात्री येतो, बिऱ्हाड भरले जाते आणि सकाळी वर्गात चार-पाच जागा रिकाम्या दिसतात. या दिवसांत गटशिक्षणाधिकाऱ्याचा सबंध आठवडा याच कामात जावयास हवा. गावात आजी, चुलता असे कोणी राहणार असेल तर मुलाला मागे ठेवून त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करता येते. याला हंगामी वसतिगृह म्हणतात. त्यासाठी मुलांची यादी वेळेवर तयार होऊन प्रस्ताव जिल्ह्याला जावा लागतो. ट्रॅक्टर निघून गेल्यावर आलेल्या मंजुरीचा उपयोग शून्य. म्हणून यादी सप्टेंबरातच व्हावी, आणि ती गुरुजींनी एकट्याने न करता वस्तीतल्या चार माणसांना, मुकादमाला माहीत असणाऱ्यांना विचारून करावी. कोण जाणार हे शाळेआधी वस्तीला कळते.

जे मूल आईबापांबरोबर जातेच, त्याला शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येते. येथे पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. उपरोक्त कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे असते. कोणी अडवले तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जावे.

या रिकाम्या जागांचा दुसराही परिणाम आहे. ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरते. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. परंतु २० च्या आतील पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागविण्यात आले आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष लहान शाळांना अधिक जड झाले. वस्तीवरची शाळा बंद होऊन मूल मोठ्या गावात गेले तर तिथे शिक्षक जास्त मिळतील, संगणक मिळेल, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाटेत ओढा असेल, एस.टी. नसेल, तर दहा वर्षांच्या मुलीला पाठवील कोण? कायदा पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर सांगतो, पण ओढा किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याने आपल्या अहवालात पावसाळ्यातला तो ओढा लिहिला की नाही, यावर कधी कधी शाळेचे भवितव्य ठरते. म्हणून भेटीला साहेब आले की गावकऱ्यांनी त्यांना चहा पाजण्याआधी तो रस्ता दाखवावा.

गुरुवार-शुक्रवार हे बैठकांचे. पंचायत समितीची सभा, जिल्ह्याला आढावा, मुख्याध्यापकांची सहविचार सभा. त्यांत शाळा व्यवस्थापन समित्यांचा विषय असतोच. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. बँकेतला माणूस म्हणून मला इथे बोलल्यावाचून राहवत नाही. अध्यक्षपदी निवडलेल्या ताई नमुना सही करायला येतात तेव्हा अनेकदा त्यांना ठरावात काय लिहिले आहे ते वाचून दाखवलेले नसते. अध्यक्ष बदलला की ठरावाची प्रत, फोटो, ओळखपत्र द्यावे लागते, हेही वेळेवर सांगितले जात नाही आणि शाळेचे पैसे महिनोन्‌महिने पडून राहतात. समितीच्या सदस्यांना नेमणूक झाल्याबरोबर एक दिवसाचे प्रशिक्षण गटाने द्यावे, आणि त्यात खातेपुस्तक कसे वाचायचे हे शिकवावे, अशी माझी सूचना आहे. बोलावल्यास आमच्यासारखे कर्मचारी आनंदाने जातील.

शिष्यवृत्तीचेही तसेच. २०१७-१८ साली दोन गणवेशांचे ४०० रुपये मुलाच्या खात्यात टाकावयाचे ठरले, तेव्हा खाते उघडण्यापायी आईची मजुरी बुडून त्या चारशेतले किती शिल्लक राहिले, हा हिशोब कोणी केला नाही. पुढे ते धोरण बदलले. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. रक्कम लहान आहे, पण मिळणारी आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आणि जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय तर आपल्या कन्नडलाच आहे. पाचवीत असताना त्याचा अर्ज भरावयाचा असतो, तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागासाठी राखीव असतात. शाळेच्या दारात असलेल्या या संधीचे अर्ज कोणत्या शाळेतून किती गेले, हे गटशिक्षणाधिकाऱ्याने केंद्रवार विचारले की आकडा वाढतो, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

शनिवारी एक गंमत असते. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, पण शाळा मात्र शनिवारी सकाळी भरतात. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आला आहे. त्यामुळे हौशी अधिकाऱ्याला हा दिवस फार चांगला. टपाल नाही, फोन कमी, मुले गाणी म्हणत असतात. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १४ एप्रिल, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, तसेच ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, या दिवशीही गावोगावची मंडळी अधिकाऱ्यांना बोलावतात. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून २०१७ पासून हा दिवस शाळांतून साजरा होतो. आपल्या मंडळांनी या दिवशी हार-तुऱ्यांपेक्षा गावातील शाळाबाह्य मुलांची यादी साहेबांच्या हाती द्यावी. दिवाळीच्या सुट्या आणि ट्रॅक्टर यांचा हाच काळ असतो.

भेटावयास जाण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी करावी. अनेक तालुक्यांत हे पद रिक्त राहून विस्तार अधिकाऱ्याकडे प्रभार असतो, तेव्हा आधी चौकशी करावी आणि शक्यतो सोमवार गाठावा. प्रश्न प्रथम मुख्याध्यापकांना, मग केंद्रप्रमुखांना सांगितलेला असावा, म्हणजे "तुम्ही परस्पर आलात" असे ऐकावे लागत नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा. त्यावर शाळेचे पूर्ण नाव आणि शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक लिहावा, तो मुख्याध्यापकांकडे मिळतो. तोंडी आश्वासनावर परत न फिरता दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पंधरा दिवसांनी पुन्हा जाताना तीच प्रत बरोबर ठेवावी.